जुन्या व्हॅनचा ‘कन्व्हर्टर’ : खरा खर्च कोणता ?

सांप्रत भोर तालुक्यांत व शेजारच्या वेल्ह्यांत (ज्या तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला) पूर्वीं ज्या अंगणांत बैलगाडी सोडलेली असे, त्या अंगणांत आज पुष्कळ ठिकाणीं एखादी जुनी मारुति ओम्नी किंवा ईको उभी असलेली दिसते. पहांटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोंचविणें, भाजीपाल्याचे क्रेट गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत नेणें, नसरापूरच्या बाजारांतून खताचीं पोतीं आणणें, आजाऱ्यास रात्रीं-अपरात्रीं दवाखान्यांत पोंचविणें आणि लग्नसराईंत पाहुण्यांची ने-आण करणें, हीं सर्व कामें ती एकटी गाडी करीत असते. बैलाच्या पेंडीचा खर्च जसा शेतीच्या खर्चांत धरावयाचा, तसाच या गाडीच्या दुरुस्तीचाहि धरला पाहिजे. परंतु आमच्या शेतकरी बंधूंच्या वहींत भाताच्या बियाण्याचा व खताचा खर्च पैशापर्यंत लिहिलेला सांपडतो. गाडीचा मात्र ‘किरकोळ’ या एका सदरांत जातो. हें ‘किरकोळ’ सदर एके दिवशीं पन्नास हजारांचें निघतें, तेव्हां डोळे उघडतात.

आज ज्या भागाविषयीं लिहावयाचें, त्याचें नांव ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’. गॅरेजवाले त्यास ‘कॅटकॉन’ म्हणतात, आणि गांवांत सरसकट ‘सायलेन्सर’ म्हटलें जातें. वास्तविक सायलेन्सर आवाज कमी करतो व कन्व्हर्टर धुरांतील विष कमी करतो. दोघांचीं कामें निराळीं आहेत. पुष्कळ गाड्यांत ते एकाच नळीवर जोडलेले असल्यामुळें नांवांचा घोटाळा होतो, आणि पैशाचा घोटाळाहि पुष्कळ वेळां याच नांवाच्या घोटाळ्यांतून सुरू होतो.

मारुति व्हॅन १९८४ सालीं रस्त्यावर आली; पुढें तिला ओम्नी हें नांव मिळालें व तिचें उत्पादन २०१९ सालीं बंद झालें. ईको २०१० सालीं आली. आरंभींच्या व्हॅनला कन्व्हर्टर मुळींच नव्हता. तो बसविणेंहि शक्य नव्हतें. कारण त्या काळच्या पेट्रोलांत शिसें मिसळलेलें असे, आणि शिशाचा थर बसला म्हणजे कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कन्व्हर्टर सक्तीचा झाला व त्यासाठीं तेथें शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. पुण्यास भारत स्टेज चारचे नियम एप्रिल २०१० पासून लागू झाले, व सर्व देशास ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. म्हणजे आज ज्या दहा-पंधरा वर्षांच्या व्हॅन आपल्या दारांत आहेत, त्यांतील बहुतेकांच्या पोटाखालीं हा भाग आहेच. मालकाला ठाऊक असो वा नसो.

या भागाची रचना मोठी कुतूहलजनक आहे. पोलादी डब्यांत चिनी मातीसारख्या पदार्थाची एक वीट असते. तींत मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें हजारों बारीक नळ्या आरपार गेलेल्या असतात. या नळ्यांच्या आंतल्या अंगास प्लॅटिनम, पॅलेडियम व र्‍होडियम या धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. इंजिनांतून आलेला तप्त धूर त्यांतून जातांना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलाची वाफ व वायु होतो, आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोडून त्यांचा हवेंतील साधा नायट्रोजन होतो. हे धातु स्वतः खर्च होत नाहींत. विरजण जसें दुधाचें दहीं करतें, तशी त्यांची क्रिया समजावी, इतकेंच कीं येथें विरजण वेगळें राहतें. ही क्रिया सुरू होण्यास सुमारें अडीचशें ते तीनशें अंश सेल्सिअस उष्णता लागते. अशा उपकरणाचा मोटारीसाठीं पाठपुरावा यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्यानें अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत केला, व १९७५ सालच्या नमुन्यांपासून अमेरिकेंतील बहुतेक मोटारींवर तें बसूं लागलें.

आतां किंमत इतकी कां ? एका गाडींत या तीन धातूंचें वजन अवघें कांहीं ग्रॅम असतें. परंतु र्‍होडियम व प्लॅटिनम मुख्यत्वें दक्षिण आफ्रिकेंतून आणि पॅलेडियम रशिया व दक्षिण आफ्रिकेंतून येतें. जगभर धुराचे नियम कडक होत गेले तशी मागणी वाढली. र्‍होडियमचा भाव मार्च २०२१ मध्यें एका ट्रॉय औंसास, म्हणजे सुमारें ३१ ग्रॅमांस, २९ हजार डॉलरांच्या आसपास गेला होता. पॅलेडियमनें २०२१ व २०२२ सालीं तीन हजार डॉलरांची मर्यादा ओलांडली. नंतर हे भाव पुष्कळ उतरले, तरी भाग स्वस्त झाला असें गिऱ्हाइकास जाणवलें नाहीं. वाहनांच्या सुट्या भागांपैकीं पुष्कळांवर २८ टक्के वस्तु व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट होय. दर सांगतांना दुकानदार जुन्या पत्रकाचा आधार घेत नाहीं ना, हें शेतकऱ्यानें अवश्य पाहावें.

इतकें प्रास्ताविक झाल्यावर आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक हकीकत सांगतों. ती सांगण्यांत आमचाहि दोष उघडा पडतो. पण तो झांकून उपदेश करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

गुंजवणी खोऱ्यांतील आमचे एक स्नेही इंद्रायणी भात व भाजीपाला करतात. त्यांची २०१२ सालची ईको गेल्या पावसाळ्याच्या आधींपासून ‘मिसिंग’ करूं लागली होती. म्हणजे इंजिन मधूनच एक ठोका चुकवी. गाडी चालत होती, म्हणून त्यांनीं दुर्लक्ष केलें. पुढें डॅशबोर्डावरील इंजिनाचा दिवा लागला; तोहि त्यांनीं डोळ्याआड केला. शेवटीं एके दिवशीं भरल्या क्रेटांसह गाडी पाबे घाट चढेना. पायाखालीं पेट्रोल दाबलें तरी जोर येईना, आणि गाडीखालून खुळखुळ्यासारखा आवाज येऊं लागला. एका गॅरेजांत दाखविली. तेथील मिस्त्रीनें सांगितलें, “कॅटकॉन चोक झाला आहे,” आणि तीन भाव पुढें ठेविले. कंपनीचा मूळ भाग ४६,००० रुपये. बाजारांतील साधा भाग ९,००० रुपये. आणि तिसरा उपाय असा कीं, डबा कापून आंतील वीट काढून टाकावयाची व रिकामी नळी जोडावयाची. त्याचे १,५०० रुपये, व निघालेला माल गॅरेजानें ठेवावयाचा.

त्या संध्याकाळीं ते आमच्याकडे आले. आम्ही महसुलाच्या कचेरींत कारकुनींत आयुष्य घालविलेले. यंत्राचें ज्ञान आम्हांस तेव्हां शून्य होतें. दीड लाखाच्या गाडीवर सेहेचाळीस हजार घालणें हें आम्हांस वेडेपणाचें वाटलें, आणि ‘रिकामी नळी घालून घ्या, खेड्यांत कोण पाहतो !’ असें आम्हींच त्यांस सांगितलें. त्यांनीं तसें केलें. आठ दिवस गाडी उड्या मारीत घाट चढली. नंतर मिसिंग पूर्ववत् सुरू झालें, पेट्रोल जास्त लागूं लागलें, गाडींत बसणाऱ्यांस डोकेदुखी होऊं लागली, आणि पीयूसीची मुदत संपल्यावर तपासणींत गाडी नापास झाली. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के व न जळलेल्या इंधनाची मर्यादा दहा लक्ष भागांस २०० भाग आहे. यंत्रावरचे आंकडे त्याच्या कितीतरी पट होते.

तेव्हां दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीनें तपासून सांगितलें कीं, मूळ रोग कन्व्हर्टरांत नव्हताच. एक इग्निशन कॉइल व दोन प्लग खराब होते. जें पेट्रोल इंजिनांत पेटावयाचें, तें न पेटतां कन्व्हर्टरांत जाऊन तेथें जळत होतें. त्या उष्णतेनें आंतील वीट वितळून नळ्या बुजल्या. कॉइल व प्लग यांचा खर्च मजुरीसह ३,२०० रुपये आला. हेच ३,२०० रुपये दिवा लागला त्या आठवड्यांत खर्च केले असते, तर कन्व्हर्टर कदाचित् गाडीच्या आयुष्यभर टिकता. आणि समजा, त्यांनीं पहिल्याच दिवशीं सेहेचाळीस हजारांचा नवा भाग बसविला असता, पण कॉइल तशीच ठेविली असती, तर तो नवा भागहि कांहीं महिन्यांत जळला असता. शिवाय वितळलेल्या विटेंतसुद्धां धातु शिल्लक असतो. तिला बाजारांत किंमत आहे. ती किंमत आमच्या स्नेह्यांनीं आमच्या सल्ल्यानें ‘भंगार’ म्हणून सोडून दिली, आणि वर १,५०० रुपये मोजले !

येथून आमच्या म्हणण्याचा पहिला मुद्दा निघतो. कन्व्हर्टर हा सहसा आपण होऊन मरत नाहीं. त्यास कोणी तरी मारतें. म्हणून तो बदलण्यापूर्वीं मारेकरी कोण, हें शोधावें. मारेकरी बहुधा चारच असतात. पहिला म्हणजे वर सांगितलेलें मिसिंग. दुसरा म्हणजे इंजिन ऑइल जाळणारें जुनें इंजिन. ऑइलांतील फॉस्फरसचा थर धातूवर बसतो. नळींतून निळसर धूर येत असेल व ऑइल वारंवार भरावें लागत असेल, तर आधीं इंजिनाकडे पाहावें. तिसरा म्हणजे बाहेरून बसविलेला व नीट न जुळविलेला सीएनजीचा संच. चौथा आपल्या मावळ भागाचा खास शत्रु आहे, तो म्हणजे पावसाळ्यांतील ओढे आणि खडकाळ रस्ते. तासभर घाट चढून तापलेली गाडी फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यांत घातली कीं लाल तापलेल्या मातीच्या भांड्यावर पाणी ओतल्याप्रमाणें आंतील वीट तडकते. आणि खालून धोंडा लागला तरी तीच गत होते. ओढ्यावर पाणी असल्यास दहा मिनिटें थांबून गाडी निवूं द्यावी. पूर आलेल्या फरशीवर तर गाडी घालूंच नये. तेथें कन्व्हर्टराचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

निदानाच्या वेळीं मिस्त्रीस तीन गोष्टी विचाराव्या. संगणक जोडून दोषाचा क्रमांक पाहिला काय ? कन्व्हर्टराच्या आधींचा ऑक्सिजन सेन्सर काढून तेथें दाबाचें मीटर लावून नळी बुजल्याची खात्री केली काय ? आणि सेन्सरच बिघडलेला नाहीं ना ? कारण सेन्सर बिघडला तरी तोच दिवा लागतो, आणि सेन्सर कन्व्हर्टराच्या मानानें पुष्कळ स्वस्त असतो. जो मिस्त्री या प्रश्नांस चिडतो, त्याच्याकडे गाडी ठेवूं नये. वैद्यानें नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सुचविली, तर आपण त्यास मान्य करतों काय ?

दुसरा मुद्दा हिशेबाचा. ‘दीड लाखाच्या गाडीवर सेहेचाळीस हजार !’ हा आमचाच उद्गार चुकीचा होता, कारण दुरुस्तीची तुलना गाडीच्या विक्रीच्या किंमतीशीं नव्हे, तर ती पुढें जें काम करणार त्याच्याशीं करावयाची असते. मूळ भाग व कॉइल मिळून ४९,२०० रुपये झाले आणि गाडी आणखी पांच वर्षें चालली, तर वर्षास ९,८४० व महिन्यास ८२० रुपये पडतात. गाडी विकून भाड्याचा टेंपो केला, व समजा खेपेस १,००० रुपये पडले, तर आठवड्यास तीन खेपा करणाऱ्यास वर्षाचे १,५६,००० रुपये लागतील. यांतून स्वतःच्या गाडीचें पेट्रोल, विमा व इतर दुरुस्ती वजा करावी. तरीहि ज्याची गाडी आठवड्यास तीन वेळां बाजारास जाते, त्यानें दुरुस्ती करणेंच शहाणपणाचें. उलट ज्याची गाडी महिन्यांतून दोनदांच निघते, जिचें इंजिनहि ऑइल जाळीत आहे, आणि जिच्या नोंदणीचीं पंधरा वर्षें भरत आलीं आहेत, त्यानें सेहेचाळीस हजार घालूं नयेत. गाडी काढावी व भाड्यानें काम भागवावें. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचें मोटारीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालें, आणि त्या वेळीं गाडीची तपासणीहि होते, हें हिशेबांत धरावें.

नऊ हजारांच्या भागाविषयीं आमचें मत असें आहे कीं, तो सर्वस्वीं त्याज्य नाहीं. परंतु त्यांत धातूचा लेप किती, हें डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून पक्कें बिल, त्यावर भागाचें वर्णन व निदान एक वर्षाची लेखी हमी मिळत असेल, आणि बसविल्यावर तेथल्या तेथें पीयूसी करून दाखवीत असतील, तरच तो घ्यावा. पांच वर्षांत तो चार वेळां बदलावा लागला, तर ३६,००० रुपये व चार दिवसांचा खोळंबा झाला. मग मूळ भागापेक्षां वांचलें तें थोडेंच. रिकाम्या नळीचा हिशेब तर निव्वळ फसवा आहे. ती नळी तपासणीच्या दिवशीं काढावीच लागते. म्हणजे १,५०० रुपये हे सेहेचाळीस हजारांऐवजीं नव्हेत, तर सेहेचाळीस हजारांच्या वर जातात.

यावर पुष्कळ बंधु म्हणतील, ‘हवा बिघडली ती पुण्यामुंबईची, तोरणा-राजगडाच्या पायथ्याशीं एका व्हॅनच्या धुरानें काय होणार?’ हा आक्षेप आम्हीं स्वतः केलेला असल्यामुळें त्यास उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस आहे. आपली गाडी पायथ्याशीं उभी राहत नाहीं. ती रोज बाजारपेठेंत व गर्दींत जाते. आणि त्याहून जवळची गोष्ट म्हणजे, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं व वास नाहीं. कापून जोडलेल्या नळीचे सांधे थोडे जरी सुटले, तरी तो वायु व्हॅनच्या तळांतून आंत शिरतो; आणि पावसांत कांचा लावून त्याच गाडींतून आपण शाळेचीं मुलें व बाळंतिणी नेत असतों. आमच्या स्नेह्यांच्या घरच्यांची डोकेदुखी ही उन्हाची नव्हती. कायद्याची बाजू निराळीच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झालेली आहे. हें मात्र आम्ही मान्य करतों कीं, नियम करणारानें गरीब मालकास भाग कोठें, कोणत्या भावानें व कोणत्या हमीनें मिळेल, हें सांगण्याची तसदी घेतलेली नाहीं. दंडाचा आंकडा सर्वांस ठाऊक असावा व रास्त भावाचा आंकडा कोणासच ठाऊक नसावा, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पीयूसीचा प्रकार झाल्यावर आमच्या स्नेह्यांस एका भंगारवाल्यानें ‘कंपनीचाच, थोडा वापरलेला’ कन्व्हर्टर १२,००० रुपयांस देऊं केला. पावती नाहीं. त्याच आठवड्यांत खोऱ्यांतल्याच दुसऱ्या एका गांवीं एका शेतकऱ्याच्या ईकोचा सायलेन्सर रात्रीं अंगणांतून कापून नेलेला होता. सकाळीं किल्ली फिरवितांच ट्रॅक्टरासारखा आवाज आला, तेव्हां त्यास कळलें. त्याचें दूध त्या दिवशीं घरींच राहिलें. त्याचा विमा केवळ तृतीय पक्षाचा असल्यामुळें भरपाईचा प्रश्नच नव्हता. २०२० नंतर गुजरातेंत व महाराष्ट्रांत ईकोच्या सायलेन्सरांच्या चोऱ्यांच्या बातम्या वरचेवर छापून आल्या. गाडीखालीं शिरण्यास जागा पुरेशी, भाग हातास लागणारा, आणि आंतल्या भुकटीस गिऱ्हाईक तयार, हीं त्याचीं कारणें. अमेरिकेंतहि तोच प्रकार इतका वाढला कीं, कॅलिफोर्निया राज्यानें १ जानेवारी २०२३ पासून, मालकीचा पुरावा दाखविणारा वाहनमालक किंवा परवानाधारक व्यापारी यांखेरीज इतरांकडून सुटे कन्व्हर्टर विकत घेण्यास बंदी करणारा कायदा अमलांत आणला.

आमच्या स्नेह्यांनीं तो बारा हजारांचा भाग घ्यावा काय, असें आम्हांस विचारलें. आम्हीं नको म्हणून सांगितलें. ते रागावले व म्हणाले, “भाऊसाहेब, पैसे तुमच्या खिशांतून जात नाहींत, म्हणून तुम्हांला नीति सुचते. पहिला सल्लाहि तुमचाच होता.” यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि पुरतें सुचलेलें नाहीं. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, “पहिला सल्ला चुकला म्हणूनच दुसरा ऐका. तुम्ही सातबारा पाहिल्यावांचून गुंठाभर जमीन घेत नाहीं. मग ज्या भागास जन्मदाखला नाहीं, तो गाडीला कसा लावतां? तो त्या दूधवाल्याचा नसेलहि. पण असेल तर?” भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणें चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा आहे, हेंहि आम्हीं सांगितलें, पण त्यांच्या मनावर परिणाम कलमाचा झाला नाहीं, त्या दूधवाल्याच्या नांवाचा झाला. दोघे एकाच बाजारांत बसणारे होते. त्यांनीं भाग घेतला नाहीं. दोन महिने गाडी उभी ठेवून, भाताचे पैसे आल्यावर त्यांनीं मूळ भाग बिलासह बसविला. एकूण खर्च ५०,७०० रुपये झाला, आणि दोन महिन्यांचें टेंपोभाडें वेगळें. त्यांतील कांहीं भार वास्तविक आमच्या शिरावर आहे, असें आम्ही समजतों.

या अनुभवावरून सभेच्या सभासदांपुढें चार सूचना ठेवितों. एक, दुरुस्तींत निघालेला जुना कन्व्हर्टर ही मालकाची वस्तु आहे. ती परत मागावी, किंवा तिची वाजवी किंमत बिलांत वजा करून घ्यावी. आणि विकल्यास कोणास विकली, याची पावती ठेवावी. आपण जुना भाग पावतीविना सोडतों, म्हणूनच चोरलेला भागहि त्याच वाटेनें पावतीविना खपतो. दोन, सभेनें वर्षांतून एकदां, खरीपाची धांदल सुरू होण्यापूर्वीं, भोर व नसरापूर येथें एकेक दिवसाचें शिबिर भरवावें. तेथें जाणत्या मिस्त्रीकडून प्लग, कॉइल व सेन्सर यांची तपासणी व्हावी, कन्व्हर्टराच्या डब्यावर गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा, आणि ज्यास पाहिजे त्यानें लोखंडी जाळी बसवून घ्यावी. तीन, ज्यांना भाग बदलणें प्राप्तच आहे, अशा दहा-पंधरा मालकांची एकत्र मागणी सभेनें दोन-तीन विक्रेत्यांकडे लेखी पाठवावी व आलेले भाव या मासिकांत छापावे. बियाणें व खत एकत्र मागविण्याची रीत आपणांस नवी नाहीं. सुट्या भागांस ती कां लागू नये? चार, भंगाराच्या व्यापाऱ्यानें कन्व्हर्टर घेतांना विकणाराचें नांव व गाडीचा क्रमांक नोंदविण्याची सक्ति करावी, असा अर्ज सभेनें सरकारकडे करावा.

एक सावधगिरीची सूचना राहिली. चालून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर अतिशय तापलेला असतो. वाळल्या गवतावर, पेंढ्यावर किंवा खळ्यांतल्या काडावर गाडी उभी केल्यास आग लागण्याचा संभव असतो. भाताच्या झोडणीच्या दिवसांत गाडी मोकळ्या जमिनीवरच उभी करावी.

तात्पर्य, जुन्या व्हॅनच्या कन्व्हर्टराची किंमत दुकानदार सांगतो ती नव्हे. ज्यानें दिवा लागला त्याच आठवड्यांत गाडी तपासली, त्याला ती ३,२०० रुपये पडते. ज्यानें दिवा झांकला, त्याला पन्नास हजार. आणि ज्यानें पावतीविना घेतला, त्याचा खर्च कोणा दुसऱ्याच शेतकऱ्याच्या अंगणांत पडतो. आमच्या सल्ल्यानें एकाचें नुकसान झालें. तें भरून देण्याची ऐपत आम्हांस नाहीं. निदान दुसऱ्या कोणाचें होऊं नये, एवढ्याच हेतूनें हें लिहिलें आहे. सभासदांनीं आपापले अनुभव व आपणांस सांगितलेले भाव संपादकांकडे लिहून पाठवावे, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.